संथ की रटाळ? विज्ञानपटांच्या गतीविषयी

नदी संथ असली की आपण तिचे कौतुक करतो, चित्रपट संथ असला की तक्रार. शब्द एकच, पाण्याला लावला की गुण होतो आणि पडद्याला लावला की दोष. वास्तविक गतीच्या बाबतीत आपली भाषा गरीब नाही. तिच्याकडे 'संथ' आहे, 'रेंगाळलेला' आहे, 'रटाळ' आहे, 'विलंबित' आहे. हे चारही शब्द एका अर्थाचे नाहीत. संथ म्हणजे जे आपल्या स्वतःच्या गतीने चालले आहे ते. रेंगाळणे म्हणजे जायचे ठिकाण माहीत असूनही पाय ओढत राहणे. रटाळ म्हणजे तेच ते आणि पुन्हा तेच. विलंबित म्हणजे जाणूनबुजून, हिशेबाने लांबवलेली लय. तिच्यात दोन मात्रांमधली जागा रिकामी नसते. चित्रपटाविषयी बोलताना मात्र आपण हे सगळे शब्द एकाच पोत्यात भरतो आणि 'स्लो आहे' एवढे म्हणून मोकळे होतो.

या शेऱ्याचा मार ज्या चित्रपटांनी सर्वाधिक खाल्ला त्यांत जुने विज्ञानपट फार वर आहेत. स्टॅन्ली कुब्रिक यांचा '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८), आंद्रेई तारकोव्हस्की यांचे 'सोलारिस' (१९७२) आणि 'स्टॉकर' (१९७९), रिडली स्कॉट यांचे 'एलियन' (१९७९) आणि 'ब्लेड रनर' (१९८२) ही नावे आज अभिजात म्हणून घेतली जातात. पण आजचा एखादा तरुण मोठ्या अपेक्षेने त्यांतला एखादा लावतो आणि अर्ध्या तासात उठतो. त्याची तक्रार चुकीची म्हणून झटकून टाकता येणार नाही. ज्या यानाचा वेग ताशी हजारो मैल आहे, त्याची गोष्ट बैलगाडीच्या चालीने का सांगायची, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याला 'तुला कळत नाही' असे म्हणणे हे उत्तर नव्हे. त्याच्या प्रश्नाला चित्रपटांतूनच उत्तर मिळते का, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. संथपणा आणि लांबी या दोन वेगळ्या बाबी आहेत. क्रिस मार्कर यांचा 'ला जेते' (१९६२) हा फ्रेंच विज्ञानपट अवघा २८ मिनिटांचा. तो जवळजवळ संपूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा बनलेला आहे. एकदाच, झोपेतून डोळे उघडणाऱ्या एका स्त्रीच्या चेहऱ्यावर, चित्र क्षणभर हलते. अर्ध्या तासाहून लहान असलेल्या या चित्रपटाइतका थांबून पाहायला लावणारा चित्रपट विरळा. उलट अल्फोन्सो क्वारोन यांच्या 'ग्रॅव्हिटी'चा (२०१३) सुरुवातीचा शॉट बारा-तेरा मिनिटे कुठे तुटल्यासारखा दिसत नाही, तरी त्याला कोणी संथ म्हणणार नाही. म्हणजे घड्याळातली मिनिटे मोजून या प्रश्नाचा निकाल लागत नाही. त्या मिनिटांत प्रेक्षकाचे काय होते, हे पाहावे लागते.

कापलेली सात मिनिटे

'स्पेस ओडिसी'पासून सुरुवात करू, कारण या आरोपाचा पहिला मोठा आरोपी तोच. चित्रपटात पहिला बोललेला शब्द ऐकू येतो तो सुमारे पंचवीस मिनिटांनी, आणि शेवटची वीसेक मिनिटे पुन्हा शब्दांविना जातात. एप्रिल १९६८मध्ये तो प्रथम दाखवला गेला तेव्हा अनेक प्रेक्षक मध्येच उठून गेले. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये रेनाटा ॲडलर यांनी त्याला संमोहन आणि प्रचंड कंटाळा यांच्यामध्ये कुठेतरी बसवले. अँड्र्यू सॅरिस यांच्यासारख्या नामवंत समीक्षकालाही तो आधी आवडला नाही. पुढे पुन्हा पाहून त्यांनी आपले मत बदलले.

कुब्रिक यांनी या आरोपाकडे दुर्लक्ष केले असे समजण्याचे कारण नाही. पहिल्या खेळांनंतर लगेच त्यांनी स्वतःच चित्रपटातून सुमारे १९ मिनिटे कापून टाकली. माणसाच्या आदिम पूर्वजांचा भाग, 'डिस्कव्हरी' यानातली धावण्याची कसरत, यानाबाहेर पडण्याची तयारी यांतला काही भाग त्यांनी काढला. म्हणजे उरले ते दुर्लक्षाने उरलेले नाही. कात्री हातात असताना, प्रेक्षक उठून जाताहेत हे कळल्यावरही जे ठेवले गेले, ते आज आपण पाहतो. मग ते का ठेवले?

याचे उत्तर चित्रपटातल्याच एका लहानशा प्रसंगात दडले आहे. गुरू ग्रहाकडे निघालेल्या यानातले दोन अंतराळवीर, बोमन आणि पूल, जेवताना स्वतःचीच मुलाखत दूरदर्शनवर पाहत असतात. मुलाखतीच्या आरंभी निवेदक प्रेक्षकांना सांगतो की पृथ्वीवरचे शब्द यानापर्यंत पोचायला सात मिनिटे लागत होती, पण हा मधला वेळ आम्ही ध्वनिमुद्रणातून काढून टाकला आहे. त्यामुळे पडद्यावरच्या पडद्यावर प्रश्नामागून उत्तर झटपट येते. दोन माणसे शेजारी बसून बोलावीत तशी.

या एका वाक्यात कुब्रिक यांची सगळी भूमिका आली आहे असे मला वाटते. दूरदर्शनने सात मिनिटे कापली, त्याबरोबर पृथ्वी आणि यान यांच्यातले अंतरही कापले गेले. घरी बसलेल्या प्रेक्षकाला ती माणसे जवळची वाटली, पण ती किती दूर आहेत, हे खरे सत्य त्याच्यापर्यंत पोचलेच नाही. कुब्रिक ही कापलेली मिनिटे चित्रपटात परत आणतात. पूलच्या आईवडिलांचा वाढदिवसाचा निरोप येतो. तो दिवे लावून पहुडलेला असतो, चेहऱ्यावर काही उमटत नाही. निरोपाला उत्तर देण्यात अर्थ नाही, कारण ते पोचेपर्यंत केक संपलेला असेल. कुणी रडत नाही, पार्श्वसंगीत आपल्याला गहिवरायला सांगत नाही. तरी त्या दोन-अडीच मिनिटांत घरापासून तुटणे म्हणजे काय ते कळते. वेळ कापला असता तर अंतर कळले नसते, आणि अंतर कळले नसते तर पुढे जे घडते त्याचा धाकही वाटला नसता.

पुढे हाल नावाचा संगणक माणसांच्या जिवावर उठतो. बर्फाळ झोपेत ठेवलेल्या तीन शास्त्रज्ञांचा मृत्यू आपल्याला कसा दिसतो? आलेखावरच्या वाकड्या रेषा एकेक करून सरळ होतात आणि पडद्यावर अक्षरे लुकलुकतात. एवढेच. बोमन यानाबाहेर असतो तेव्हा आपल्याला त्याच्या श्वासाखेरीज काही ऐकू येत नाही, आणि काही शॉट तर पूर्ण निःशब्द आहेत. पोकळीत आवाज नसतो हे पाठ्यपुस्तकातले विधान आहे; ते अंगावर येण्यासाठी मात्र शांततेत काही काळ बसावे लागते.

आणि मग तो प्रसिद्ध शेवट. बोमन हालच्या स्मृतीचे ठोकळे एकेक करून बाहेर काढतो. हाल विनवतो, भीती वाटते म्हणतो, आणि हळूहळू त्याचे बोलणे मंदावत जाते. शेवटी 'डेझी बेल' हे जुने गाणे म्हणता म्हणता त्याचा आवाज चावी संपलेल्या ग्रामोफोनसारखा खोल जाऊन थांबतो. १९६१ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत एका संगणकाकडून हेच गाणे गाऊन घेतले होते, आणि चित्रपटाचे सहलेखक आर्थर सी. क्लार्क यांनी तो प्रयोग पाहिला होता. पण मुद्दा संदर्भाचा नाही. मुद्दा असा की ज्या यंत्राने चार माणसे मारली त्याची आपल्याला कणव येते. हे काम संवादाने झालेले नाही, वेळाने झाले आहे. बोमनने एका झटक्यात बटण दाबले असते तर खलनायक मेला असता आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकला असता. वेळ लागला म्हणून एक कुणीतरी मेला.

पृथ्वीवरचा रस्ता

'सोलारिस'मधला सर्वात जास्त बदनाम भाग म्हणजे मोटारीचा रस्ता. बर्टन नावाचा निवृत्त वैमानिक शहराकडे परत निघतो. सुमारे पाच मिनिटे आपण पूल, बोगदे, वळणे, मागे पडणारे दिवे पाहत राहतो. हे चित्रण टोकियोच्या उन्नत मार्गांवर केलेले आहे. संवाद जवळपास नाहीत, घटना नाही. 'हे कशाला?' असे विचारणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

पण या रस्त्याच्या आधी काय झाले ते आठवावे. सोलारिस ग्रहाच्या समुद्रावर आपण एक अवाढव्य मूल पाहिल्याची साक्ष बर्टनने कधीकाळी दिली होती आणि तज्ज्ञांनी ती भ्रम म्हणून निकालात काढली होती. नायक केल्व्हिनही त्याचे नीट ऐकून घेत नाही. तेव्हा वाटेतून बर्टन दूरध्वनी करतो आणि राहिलेली गोष्ट सांगतो: त्या समुद्रावर मरण पावलेल्या फेशनर या सहकाऱ्याचे पोरके मूल त्याने पुढे पृथ्वीवर पाहिले, आणि ते अगदी त्या मुलासारखे होते. एवढे सांगून तो गप्प होतो. त्यानंतर रस्ता सुरू होतो. ती पाच मिनिटे बर्टनची आहेत तशी आपलीही आहेत. ज्याचे कोणी ऐकले नाही त्याचे म्हणणे मनात मुरायला दिलेला तो अवधी आहे. गाड्या वाढत जातात, आवाज वाढत जातो, रात्रीच्या दिव्यांची नदी होते, आणि एकदम सगळे थांबून केल्व्हिनच्या वडिलांच्या घराभोवतीची झाडे आणि शांतता समोर येते. त्या शांततेची किंमत आधीच्या गोंगाटाने ठरवलेली असते.

आता याच चित्रपटातली एक मौजेची गोष्ट पाहा. पृथ्वीवरच्या या रस्त्याला तारकोव्हस्की पाच मिनिटे देतात. पृथ्वीपासून सोलारिसपर्यंतच्या अंतराळप्रवासाला मात्र त्यांनी मिनिट-दीड मिनिटही खर्च केलेले नाही. केल्व्हिनचे डोळे, काही तारे, आणि तो पोचला! जवळपास पाऊण तास पृथ्वीवर काढलेला हा चित्रपट अंतराळ असा झटकन ओलांडतो. म्हणजे तारकोव्हस्कींना वेगाने सांगता येत नव्हते असे नाही. कुठे थांबायचे आणि कुठे नाही, याची त्यांची निवड वेगळी होती. त्यांना यंत्रांच्या प्रवासात रस नव्हता, माणसाच्या मागे राहिलेल्या गोष्टींत होता. कुब्रिक यांचा चित्रपट त्यांना थंड वाटला होता, तो याच कारणाने. ज्यांच्या मूळ कादंबरीवर (१९६१) चित्रपट बेतला ते पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम हेही याच निवडीमुळे तारकोव्हस्कींवर नाराज राहिले.

सोलारिसचा समुद्र माणसाच्या मनातले ओळखून त्याला सजीव करतो. केल्व्हिनसमोर त्याची मृत पत्नी हारी येऊन उभी राहते. पहिल्यांदा तो काय करतो? घाबरून तिला अग्निबाणात बसवून अवकाशात धाडून देतो. झटपट निकाल! वेगवान चित्रपटाचा नायक जे करील तेच. पण हारी दुसऱ्यांदा येते आणि आता पळवाट नसते. या दुसऱ्या हारीसोबत तिला आणि आपल्याला राहावे लागते. ती दाराआड एकटी राहू शकत नाही, दार फाडून रक्तबंबाळ होते. ती स्वतः कोण आहे हे तिला माहीत नसते. ग्रंथालयात ती ब्रॉयगेलच्या बर्फातल्या शिकाऱ्यांच्या चित्राकडे पाहत बसते. कॅमेरा त्या चित्रावरून सावकाश फिरतो, जणू तिच्या नजरेने. समुद्राने बनवलेली ही बाई पाहता पाहता माणूस होत असते. मग अंतराळस्थानक अर्धा मिनिट भारहीन होते आणि ती दोघे हवेत तरंगतात. हे अर्धे मिनिट एवढे हलके वाटते, कारण त्याआधीचा सगळा वेळ जड होता.

इथे माझ्या मते या प्रश्नाचे मूळ सापडते. विज्ञानपट हा बहुधा परक्याच्या भेटीचा चित्रपट असतो. तो परका कधी ग्रह असतो, कधी यंत्र, कधी प्राणी, कधी आपलीच प्रतिकृती. वेगवान चित्रपटात परका चटकन शत्रू ठरतो. दिग्दर्शक दुष्ट असतो म्हणून नव्हे. त्या परक्याला दुसरे काही होण्याइतका वेळच मिळालेला नसतो. दिसला, ओळखला, मारला. हारी ही प्रथम भूत असते, मग अडचण, मग सोबती, आणि शेवटी त्या स्थानकावरची सर्वात माणुसकी असलेली व्यक्ती. हा प्रवास दोन मिनिटांत उरकला असता तर आपण तो ऐकला असता, पण मानला नसता. अनोळखी माणसाविषयीचे पहिले मत पडद्यावर काय किंवा गल्लीत काय, वेळ दिल्याखेरीज बदलत नाही.

जिथे घाई जिवावर बेतते

'स्टॉकर'मध्ये तारकोव्हस्की याच्याही पुढे गेले. सुमारे दोन तास चाळीस मिनिटांच्या या चित्रपटात जेमतेम १४२ शॉट आहेत, म्हणजे सरासरी शॉट मिनिटाहून मोठा. तुलनेसाठी सांगायचे तर अमेरिकन अभ्यासक डेव्हिड बोर्डवेल यांच्या मोजणीनुसार १९३० ते १९६० या काळात हॉलिवूडच्या चित्रपटांतला सरासरी शॉट ८ ते ११ सेकंदांचा असे, आणि शतक संपताना तो ३ ते ६ सेकंदांवर आला होता. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी 'स्टॉकर' संथ असल्याची तक्रार केली तेव्हा, सुरुवात आणखी संथ हवी होती, म्हणजे चुकून आलेल्यांना वेळेवर बाहेर पडता आले असते, असे तारकोव्हस्की म्हणाल्याचे सांगतात.

किस्सा बाजूला ठेवू. चित्रपटाची गोष्ट अशी की 'झोन' नावाचा एक निषिद्ध प्रदेश आहे, त्यात एक खोली आहे, आणि त्या खोलीत माणसाची मनातली सर्वात खोल इच्छा पुरी होते. एक वाटाड्या एका लेखकाला आणि एका प्राध्यापकाला तिथे नेतो. आरंभी रेल्वेच्या ट्रॉलीवरून ते तिघे जातात. सुमारे चार मिनिटे कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यांवर आणि मानांवर असतो; ते काय पाहताहेत हे आपल्याला जवळजवळ दाखवलेच जात नाही. रुळांचा खडखडाट ऐकता ऐकता त्याला संगीतकार एदुआर्द आर्तेमियेव्ह यांचे विद्युत स्वर कधी चिकटले ते कळत नाही. आणि मग अचानक मातकट रंग जाऊन हिरवा रंग येतो. सीमा कुठे ओलांडली? दाखवता आली असती तर ती सीमाच राहिली नसती. डुलकी लागते तेव्हा नेमका क्षण कुठला, हे कोणाला सांगता येते?

झोनमध्ये सरळ वाट चालत नाही. वाटाड्या नटबोल्टला कापडाची पट्टी बांधून पुढे फेकतो, तो पडेल तिथवर जायचे, पुन्हा फेकायचा. गंमत म्हणजे सगळ्या वाटेत धोका असा एकदाही दिसत नाही. कोणी राक्षस येत नाही, जमीन फाटत नाही. तरी आपण श्वास रोखून असतो, कारण तिथला नियमच असा आहे की घाई करणारा संपला. हा नियम चित्रपटातल्या माणसांना लागू आहे आणि आपल्यालाही. त्या माणसांना सबुरी शिकवायची आणि प्रेक्षकाला मात्र धावतपळत न्यायचे, हे कसे जमणार? आणि शेवटी, खोलीच्या उंबरठ्याशी पोचल्यावर, कोणीच आत जात नाही. तिघे जमिनीवर बसून राहतात. छताखाली पाऊस पडतो आणि थांबतो. आपल्या मनातली खरी इच्छा काय आहे हे कळण्याचे भय माणसाला किती असते, हे सांगणारा इतका बोलका निःशब्द शॉट मला दुसरा माहीत नाही.

तारकोव्हस्कींनी आपल्या 'स्कल्प्टिंग इन टाइम' या पुस्तकात मांडलेला विचार असा की चित्रपटाची लय कात्रीने ठरत नाही. प्रत्येक शॉटमध्ये जो काळ वाहत असतो त्याच्या दाबाने ती ठरते. हा विचार आपल्याला परका वाटू नये. उस्ताद अमीर खाँ झूमऱ्यातला अतिविलंबित ख्याल मांडत तेव्हा नवख्या श्रोत्याला वाटे की काही घडतच नाही. चौदा मात्रांचे ते आवर्तन संपता संपत नसे. पण जाणकाराला ठाऊक होते की समेकडे जाणाऱ्या त्या लांब वाटेवर एकेक स्वर आपली जागा शोधतो आहे. सम येणार हे नक्की असते, आणि तरी ती येईपर्यंत जीव टांगणीला लागतो. इंतजार रिकामा नसतो तो असा.

मात्र याच उपमेची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. विलंबित लय घेतली म्हणून कोणी अमीर खाँ होत नाही. स्वरविस्ताराला काही नसेल तर तीच लय श्रोत्यांना घड्याळाकडे पाहायला लावते.

नुसतेच रेंगाळणे

याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर' (१९७९). दिग्दर्शक रॉबर्ट वाइझ हे काही कच्चे गडी नव्हते. १९५१मध्ये त्यांनीच 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' हा अवघ्या दीड तासाचा नेटका विज्ञानपट दिला होता. 'स्टार ट्रेक'च्या दृश्यकरामतींमागे डग्लस ट्रम्बल होते, म्हणजे 'स्पेस ओडिसी'वर काम केलेलाच कलावंत. तरीही कॅप्टन कर्क आपले जुने जहाज पाहायला जातो तो सुमारे पाच मिनिटांचा प्रसंग आणि पुढे एका अजस्र ढगाच्या पोटातून होणारा प्रवास यांनी प्रेक्षक पेंगले.

असे का झाले? एक कारण व्यवहाराचे. करामतींची दृश्ये प्रदर्शनाच्या तोंडावर हाती आली, त्यामुळे ती पारखून कापायला वेळच उरला नाही. वाइझ यांनी पुढे २००१ साली चित्रपटाचे पुन्हा संकलन केले, यातच सगळे आले. कुब्रिक यांनी १९ मिनिटे कापली. वाइझ यांना तशी सवड मिळाली नाही. एकाचा संथपणा निवडलेला होता, दुसऱ्याचा उरलेला.

दुसरे कारण कलेचे आहे. 'स्टार ट्रेक'मध्ये जहाज दिसते, मग कर्कचा भारावलेला चेहरा, मग जहाज, मग पुन्हा चेहरा. किती भारावायचे हे आपल्याला चेहऱ्याने सांगितले जाते आणि मग तेच पुन्हा सांगितले जाते. 'स्पेस ओडिसी'त योहान स्ट्राउसच्या वॉल्ट्झवर यान अंतराळस्थानकाकडे सरकते तेव्हा वाहवा करणारा कोणी चेहरा नसतो. आत बसलेला एकुलता प्रवासी झोपलेला असतो आणि त्याचे पेन हवेत तरंगत असते. नवल वाटून घ्यायचे की नाही, हे आपल्यावर सोपवलेले असते. थोडक्यात, एक चित्रपट आपला वेळ घेऊन आपल्याला मोकळे सोडतो, दुसरा आपला वेळ घेऊन आपल्यावर पहारा ठेवतो. रटाळपणा तो हा. अर्थात न्याय करायचा तर हेही सांगायला हवे की 'स्टार ट्रेक'ची मालिका १९६९मध्ये बंद पडली होती. दहा वर्षे वाट पाहिलेल्या चाहत्यांसाठी ती पाच मिनिटे म्हणजे पुनर्भेट होती. पण तो वेळ त्यांनी घरून बरोबर आणलेला होता, चित्रपटाने निर्माण केलेला नव्हता.

यावरून एक साधी कसोटी हाती लागते. संथ वाटणारा भाग मनातल्या मनात कापून पाहावा. कापल्यावर केवळ मिनिटे कमी झाली तर तो रेंगाळलेला. कापल्यावर पुढच्या प्रसंगाचा अर्थ बदलला तर तो विलंबित. बर्टनचा रस्ता काढला तर त्याची साक्ष हलकी होते. ट्रॉलीची चार मिनिटे काढली तर झोन हा शेजारचा माळ होतो. कर्कची फेरी निम्मी केली तर जहाज जहाजच राहते.

वेग आला तो कसा

दोन वर्षे आधी, १९७७मध्ये, 'स्टार वॉर्स' आला होता. त्याच्या अवकाशयुद्धांची जुळणी दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या झुंजींच्या फितींवरून केली होती, आणि त्याच्या तिन्ही संकलकांना (मार्शा लुकास, रिचर्ड च्यू आणि पॉल हर्श) ऑस्कर मिळाले. ते मिळायलाच हवे होते. वेग हीदेखील कलाच आहे. शिवाय त्याच चित्रपटाच्या पहिल्या दृश्यात एक जहाज डोक्यावरून जाते ते जातच राहते, संपत नाही. कुब्रिक यांचा धडा लुकास विसरले नव्हते. विसरले ते त्यांच्यामागून आलेले निर्माते. त्यांनी झुंजी उचलल्या आणि थांबणे सोडून दिले.

संथपणा हा केवळ महोत्सवी चित्रपटांचा छंद आहे असे कोणी म्हणत असेल तर त्याने 'एलियन' पाहावा. हा भयपट जगभर चालला. त्यात पहिली काही मिनिटे रिकाम्या यानात कॅमेरा नुसता हिंडतो; माणसे झोपेतून उठतात, जेवतात, पगारातल्या वाट्यावरून कुरकुरतात. पार्कर आणि ब्रेट हे दोघे तर थेट कारखान्याच्या फाटकावरचे कामगार वाटतात. अर्धा तास होईपर्यंत प्राण्याचा पत्ता नसतो. आणि पुढे कळते की प्राण्याहून भयंकर आहे ती कंपनी. खलाशी गेले तरी चालतील पण तो प्राणी आणा, असा तिचा गुप्त हुकूम असतो. ही माणसे आपल्याला जेवणाच्या टेबलाशी भेटली नसती तर हा हुकूम कागदावरचे एक कलम ठरला असता.

वेळ कोणाचा?

ऑगस्ट २०२०मध्ये नेटफ्लिक्सने भ्रमणध्वनीवर चित्रपट दीडपट वेगाने पाहण्याची सोय खुली केली. चाचणीच्या वेळीच, २०१९मध्ये, काही दिग्दर्शकांनी तिला विरोध केला होता. ज्यांना ऐकण्या-पाहण्याच्या अडचणी आहेत त्यांना वेग कमी करण्याची सोय उपयोगी आहे, हे खरे. पण वेग वाढवण्याची सोय म्हणजे प्रत्येकाच्या हाती आलेली कात्री आहे. 'स्पेस ओडिसी'तल्या निवेदकाने सात मिनिटे कापली होती. आता प्रत्येक जण आपापला निवेदक झाला आहे.

यावर कपाळाला हात लावून बसण्यात अर्थ नाही. डेनिस विलनव्ह यांच्यासारखे दिग्दर्शक आजही 'अरायव्हल' (२०१६) किंवा 'ब्लेड रनर २०४९' (२०१७) यांसारखे सावकाश चित्रपट करतात. दुसऱ्याने अपेक्षेइतका गल्ला जमवला नाही, पण पहिल्या 'ब्लेड रनर'नेही १९८२मध्ये कुठे जमवला होता? असे चित्रपट आपला प्रेक्षक हळूहळूच मिळवतात.

प्रश्न आपला आहे. चित्रपटगृहातल्या अंधारात आपण आपला वेळ दुसऱ्याच्या हाती देत होतो. तो कधी वाया जाई, कधी सोने होऊन परत मिळे. देताना खात्री नसे, आणि त्यातच त्या देण्याची किंमत होती. वेगाचा खटका आपल्या हाती आल्यावर आपण वेळ देत नाही, फक्त वाचवतो. हारीला आपण पहिल्याच भेटीत अग्निबाणात बसवतो. ती दुसऱ्यांदा येईल एवढी वाट पाहत नाही.

म्हणून ज्या तरुणाने अर्ध्या तासात 'सोलारिस' बंद केला त्याला एवढेच सांगावेसे वाटते: तुझी तक्रार खोटी नाही, चित्रपट संथ आहे. पण त्याला 'रटाळ' म्हणण्याआधी एकदा शेवटपर्यंत बस, पूर्ण वेगाने नव्हे, त्याच्या वेगाने. तरीही कंटाळा आला तर खुशाल तसे म्हण. तो तुझा हक्क आहे, आणि मग त्या शब्दाला वजनही येईल. ऐकून घेतल्यानंतर दिलेला निकाल निराळा असतो.